मनोऱ्याच्या घड्याळाला चिंच

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या ह्यांनी मानपाड्याच्या एका भंगारवाल्याकडून मनोऱ्यावरच्या जुन्या घड्याळाची यंत्रणा उचलून आणली. डोंबिवलीच्या आमच्या घरात ती ठेवायला कोपरा एकच होता, गणपती बसवायचा. तबकडी नाही, काटे नाहीत. नुसती लोखंडी चौकट आणि तिच्यात ताटाएवढी पितळी चक्रं.

"घड्याळ ना हे? मग वाजले किती?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, अँटिक आहे ते."

ठाण्याच्या थोरल्या जाऊबाईंचा लगेच निरोप आला: जागा नसेल तर यंदा गणपती आमच्याकडे बसू दे. यंदा म्हणजे कायमचा, हे मला न सांगता कळलं. मी त्याच दिवशी पेपरात जाहिरात दिली, 'मनोऱ्याच्या घड्याळाची जुनी यंत्रणा विकणे आहे.' शेजाऱ्यांच्या फोनवर दोघांनी चौकशी केली. एकाने विचारलं, मनोराही मिळेल का? दुसरे जुन्या वस्तूंचे व्यापारी होते. रविवारी बघायला येतो म्हणाले.

शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "माणूस बघायला येणार आणि हे असं काळंकुट्ट?"

मुद्दा बरोबर होता. सणाआधी समया घासतो तशी आम्ही दोघींनी सगळी चक्रं चिंच लावून घासली. दात्यांच्या फटींसाठी जुने टूथब्रश घेतले. संध्याकाळपर्यंत यंत्रणा लखलखायला लागली.

रविवारी व्यापारी दारातच थबकले. "हे कोणी केलं?"

"मी आणि सुनेनं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"अहो आजी, तो काळेपणा इतक्या वर्षांचा होता! त्याचेच तर पैसे!"

"काळेपणाचे पैसे देता? थांबा, आमचा तवा आणते."

ते चहासुद्धा न घेता गेले. चतुर्थी तोंडावर आली आणि यंत्रणा तर जागची हलेना. शेवटी मी तिच्यावरच पाट ठेवला, पाटावर गणपती बसवला आणि मागे दिव्यांची माळ सोडली. चक्रांचा एकेक दाता चमकायला लागला.

आरतीला जाऊबाई आल्या. "मखर भाड्याचं का गं?"

"घरचंच."

"आमच्याकडे नाही बाई मावायचं हे," त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला.

पुढे खरंच एक गिऱ्हाईक चालून आलं. सासूबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "गणपतीचं आसन विकतात का कुठे?"

तेव्हापासून गणपतीच्या सामानाच्या माझ्या यादीत कापूर आणि वातींच्याही वर अर्धा किलो चिंच असते.