पाच रेघा

ते मला एकदाच भेटले, वसईत गिटारच्या परीक्षेच्या दिवशी. न पाहिलेलं सुरांचं पान समोर ठेवून लगेच वाजवायला लावतात, याची मला चाळिशीतही सकाळपासून धास्ती होती. बाकावर शेजारी साठीतले हे गृहस्थ. बोटांच्या भेगांत वाडीतली माती मुरलेली, उजव्या हाताची नखं मात्र जपून वाढवलेली. मांडीवरच्या वहीत सूर लिहिलेल्या पाच रेघांवरून बोट फिरवत ते पुटपुटत होते, "मधल्या रेघेवर ठिपका, म्हणजे दुसरी तार, मोकळी."

"अंकल, पहिल्यांदाच?" मी विचारलं.

त्यांनी कान पुढे केला. मी पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"चाळीस वर्षं देवळात, आमच्या चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेला नुसतं ऐकून वाजवलं, बाय. आता ऐकायला कमी येतं. चुकलो तरी समजत नाय. लोक पण सांगत नाय, नुसते खाली बघतात. म्हणून वाचायला शिकतोय."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. बंद दाराआडून सूर येऊ लागले. मध्येच ते अडखळले आणि थांबले. मग तीच ओळ त्यांनी पुन्हा धरली, हळूहळू, आणि शेवटपर्यंत नेली.

ते बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"कसं झालं?" मी जोरात विचारलं.

"एका ठिकाणी चुकलो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "कुठे, ते मला दिसलं."