अकरा रेघांचा पूर

मद्रासला मी गेलो तो नदी आवरायला. निदान नेमणुकीच्या पत्राचा मी तरी तसाच अर्थ लावला होता. वय तेवीस, गाव वाई, आणि कृष्णेचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं हे खिडकीतून सांगण्यात आमच्या घराण्याचा हातखंडा. त्यामुळे पुरातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. कचेरीत हजर झाल्यावर कळलं, की मला टेबलाशी बसून नदी निळ्या शाईनं रंगवायची आहे. आमची कचेरी पूरनिवारणाची होती आणि पाऊस आला की तिचंच छप्पर गळायचं. नद्या भिजू नयेत म्हणून आम्ही नकाशांवर मेणकापड पांघरायचो.

अड्यार नदीत वर्षातले दहा महिने पाण्यापेक्षा म्हशी जास्त असत. मग दिवाळीच्या आगेमागे समुद्राकडून पाऊस यायचा, वरचे तलाव फुटेस्तोवर भरायचे आणि ही म्हशींची नदी लोकांच्या स्वयंपाकघरांत शिरायची. यावर उपाय काय, यासाठी आमच्याकडे बैठका होत. उत्तरेच्या काठाला बांध घालावा असं ठरलं, की दक्षिणेच्या काठाचं शिष्टमंडळ छत्र्या घेऊन दारात. दोन्ही काठांना घालू म्हटलं, की खालच्या अंगाला राहणारे विचारत, मग सगळं पाणी आमच्याच घरी पाठवणार का? पात्र खणून खोल करायचं ठरलं, तर खणलेला गाळ ठेवायचा कुठे यावर तीन बैठका झाल्या. शेवटी तो काठावरच ठेवला आणि पुढच्या पावसानं तो जागच्या जागी नेऊन ठेवला. पावसाइतकं चोख काम आमच्या कचेरीत कुणीच करत नसे.

आमचे साहेब तमिळ होते. सडपातळ, शांत, हसले तरी कळू न देणारे. ते एकदा बैठकीत इंग्रजीत म्हणाले, "नदी हलत नाही. माणसं हलतात. तेव्हा माणसांनाच हलवू." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण जेवणाची वेळ झाली होती. हलवायचं कुणाला हे कळण्यासाठी मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते घराघरावर लाल रेघेनं दाखवायचं ठरलं. रेघ मी मारायची, पण तिची उंची मोजून लिहायची ती साहेबांनी स्वतः, तपासणीच्या दिवशी. शिकाऊ माणसाच्या वहीवर खात्याचा विश्वास नव्हता. माझाही फारसा नव्हता.

काम माझ्या वाट्याला आलं, कारण मी त्या नदीकाठच्या गल्लीतच राहत होतो. गल्लीत निम्मी घरं तंजावरकडच्या मराठी कुटुंबांची. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेली, त्यांची मराठी जुन्या बखरीतल्यासारखी आणि तिचा हेल तमिळ. माझी घरमालकीण साठी ओलांडलेली विधवा होती, सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. मुलगे दिल्लीला. बसकं कौलारू घर, पुढे ओटा, वर माळा, मागे माझी खोली. मी आलो त्याच्या आदल्याच महिन्यात पूर येऊन गेला होता आणि आत्या दोन दिवस माळ्यावर स्टोव्ह, कॉफीचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन बसली होती.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"भीती कसली रे अप्पा? नदी येणार, बसणार, जाणार. कॉफी पुरली की नाहीं, तेवढेंच पाहायचें." वयानं लहान दिसेल त्या प्रत्येक पुरुषाला ती अप्पा म्हणायची.

आता रेघ मारायची तर पाण्याच्या खुणा हव्यात. पण पूर ओसरल्याच्या तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी भिंती नारळाच्या काथ्यानं अशा घासल्या होत्या, की पुराचा मागमूस नव्हता. म्हणून मी साक्षी घ्यायला निघालो. प्रत्येकानं पाणी आपापल्या अंगावर मोजलेलं. एक म्हणे कमरेपर्यंत, शेजारचा म्हणे गुडघ्यापर्यंत, दोघांची भिंत एकच. गल्लीच्या तोंडाशी एक शाळामास्तर राहायचे, सहा फूट उंच. ते ओट्यावर उभे राहून, छातीवर हात आपटून म्हणाले, "येथवर! सरकारला कळवा!" मी म्हटलं, मास्तर, तुम्ही ओट्यावर आहात, पाणी रस्त्यावरून मोजायचं. मग ते खाली उतरले आणि पुन्हा छातीवरच हात आपटला. अशा रीतीनं मी लोकांना भिंतीशी उभं करून त्यांच्या छात्या, कमरा, गुडघे यांची सरासरी काढली आणि रेघा मारल्या. पूरशास्त्रात या पद्धतीला काही नाव असेल तर मला माहीत नाही.

फक्त आत्याला सरासरी लागली नाही. तिनं खिडकीवर दोन बोटं आडवी ठेवली. "चौकटीच्या वर दोन बोटें. माळ्यावर बसून दुसरें काम काय होतें? हेंच पाहत होतें." तिथे मी बारीक लाल रेघ ओढली.

हे झालं मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराला. मग पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, आला.

पोंगलच्या आधी तिकडे घरं रंगवतात. पांढरा चुना द्यायचा आणि त्यावर गेरूचे उभे पट्टे, देवळाच्या भिंतींना असतात तसे. ओट्यालाही देतात. आत्यानं चुना कालवला, भिंतीपुढे उभी राहिली आणि माझी ती एकटी आडवी रेघ बघून हळहळली. तिचा समज असा झाला, की पुराच्या खुणेच्या निमित्तानं सरकारनं यंदा सणाचं रंगकामही काढलंय आणि पहिल्याच पट्ट्याला त्यांचा गेरू संपलाय. संध्याकाळी मी कचेरीतून परत आलो तर माझी रेघ चार बोटं रुंद झाली होती आणि तिच्या खाली-वर मिळून आणखी दहा आडवे पट्टे. लाल, पांढरा, लाल, पांढरा, जमिनीपासून थेट वळचणीपर्यंत.

"सरकारनें आडवा ओढला, मग मींही आडवेच ओढले," ती खूश होऊन म्हणाली. "अर्धें काम सोडून जाणें बरें नव्हे. तूं दमला असशील."

मी कपाळावर हात मारून घेतला. तोवर शेजारणी बघायला आल्या होत्या. दोन दिवसांत गल्लीतल्या एकूण एक घराला पट्टे लागले. कुणी नऊ ओढले, कुणी अकरा, मास्तरांच्या घराला तर चौदा, कारण उंची. ये-जा करणारे लोक सबंध गल्लीलाच देऊळ समजून चपला काढून हात जोडायला लागले. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक फुलवाली बसली. एका बाईंनी मला थांबवून विचारलं, मूर्ती कुठल्या घरात आहे? मी वैतागून आमच्या खोलीकडे बोट दाखवलं, तर त्या खरंच आत जाऊन माझ्या खाटेला नमस्कार करून आल्या.

हसण्यावारी गेलं असतं. पण पोंगल झाल्यावर कचेरीत परिपत्रक आलं. ज्या घराची रेघ खिडकीच्या चौकटीच्या वर, ते घर रिकामं करायचं आणि राहणाऱ्यांनी शहराबाहेर आवडी नावाच्या गावाकडे नव्या वसाहतीत जायचं. रेघ चौकटीच्या खाली असेल, त्यांनी राहावं. आधी रेघ, मग नियम, असा आमच्या खात्याचा उलटा कारभार. मी ते वाचलं. आत्या दोन बोटांनी घराबाहेर पडत होती.

मी धावत घरी आलो आणि तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली.

"आवडीला? तिथें नदी आहे?"

"नाही. कारखाने आहेत. चांगली कोरडी जागा आहे."

"मी या घरीं लग्न होऊन आलें. मला नाहीं जायचें," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

मग मला अक्कल सुचली. अकरा रेघा आहेत. त्यातली सरकारची कुठली हे कोण सांगणार? साहेबांनी विचारलं तर खिडकीखालची कुठलीही दाखव, मी तिला म्हटलं, मीही तीच दाखवीन. गल्लीतल्या इतरांना हे कुणी शिकवावं लागलंच नाही. ती मंडळी माझ्याआधीच तिथवर पोचली होती. आत्या फक्त "पाहूं" म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

तपासणीला साहेब सकाळीच टेप घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी ते थबकले. चपला काढाव्यात की नाही असा क्षणभर विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग मास्तरांच्या घरापाशी गेले. "यातली आमची रेघ कुठली?"

मास्तरांनी वाकून अगदी तळाचा पट्टा दाखवला. तो घोट्याला लागत होता.

"पूर एवढाच आला?"

"फार सज्जन पूर होता," मास्तर म्हणाले. "बाहेरूनच विचारपूस करून गेला."

पुढच्या घरात पाणी आलंच नव्हतं, नुसता ओलसरपणा आला होता. त्याच्या पुढच्या घरच्यांना पूर आल्याचं दुसऱ्या दिवशी लोकांकडून कळलं होतं. साहेब निर्विकार चेहऱ्यानं लिहून घेत होते. मी त्यांच्या मागे टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात आमचं घर आलं.

"कुठली?" साहेबांनी मलाच विचारलं.

मी खिडकीच्या खालचा पट्टा दाखवला. अगदी सहज, टेप लावायला वाकलोसुद्धा.

"नाहीं!" आत्या ओट्यावरून ओरडली. ती तरातरा खाली आली, माझ्या हातातून टेप ओढून घेतला आणि खिडकीच्या वरच्या पट्ट्यावर तळहात ठेवला. साहेबांशी ती तमिळमध्ये बोलली आणि तेच मला मराठीत ऐकवलं. "पाणी येथें आलें. मी पाहिलें. उद्यां हें घर दुसरा कोणी घेईल, त्याच्या घरीं लहान पोर असेल. तो या भिंतीला विचारील. भिंतीनें काय सांगावें, घोट्याइतकें?"

मी कानशिलापर्यंत लाल झालो. साहेब म्हणाले, "अम्मा, ही रेघ लिहिली तर तुम्हाला जावं लागेल."

"ठाऊक आहे. लिहा."

साहेबांनी लिहिलं. टेप गुंडाळून माझ्या हातात दिला आणि पुढच्या घराकडे वळले, तिथे म्हणे पूर परगावी गेला होता. सगळ्या गल्लीतून यादीत एकच घर गेलं. चैत्रात आत्या सामान बैलगाडीत घालून आवडीला गेली. जाताना रडली नाही, मला मात्र शिव्या घातल्या, कारण मी रडत होतो. तिच्या घराला कुलूप लागलं. मी टी. नगरला एक खोली घेतली. घर पाडायची फाईल कचेरीत कुठल्या तरी गळतीखाली पाणी झेलत पडली.

पुढच्याच कार्तिकात अड्यार पुन्हा आली. मला होडीतून पाठवलं. कौलांवर मंडळी ओळीनं बसली होती. मास्तर सगळ्यांत उंच कौलावर, छत्री उघडून. "मास्तर, घोट्यापर्यंत ना?" मी खालून विचारलं. ते दुसरीकडे बघायला लागले.

आत्या आवडीहून सकाळच्या गाडीनं आली. एका हातात चपला, दुसऱ्यात लिंबू पिळलेल्या भाताचा भलामोठा डबा. रस्ता जिथे उतरून पाण्यात जात होता तिथे ती उभी राहिली आणि डबा माझ्या होडीत ठेवून प्रत्येक कौलाकडे बघून, प्रत्येकाचा उद्धार करत, कुणाला किती भात द्यायचा ते सांगत राहिली. मास्तरांना दोन वाढपं, कारण उंची.

मग तिनं पलीकडे पाहिलं. तिचं घर तिथून दिसत होतं. खिडकी पाण्याखाली गेली होती, वरचे दोन-तीन पट्टे तेवढे वर होते.

"बरं झालं आत्या," मी म्हणालो. "या वर्षी नुसतं माळ्यावर बसून भागलं नसतं, कौलंच काढावी लागली असती. तुम्ही वाचलात."

"हो," ती म्हणाली. "घर बुडालें आणि मी कोरडी उभी. हें कांहीं बरें नाहीं वाटत रे अप्पा."

तिनं हातातल्या चपला रस्त्यावर ठेवल्या, लुगडं दोन्ही हातांनी वर धरलं, उतारावरून चार पावलं खाली आली आणि घोटे बुडतील एवढ्या पाण्यात, घराकडे तोंड करून, थोडा वेळ उभी राहिली.