लाल शाईची वही

केज तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळी सरली की माझा अर्धा वर्ग पोरका होतो. आईबाप ऊसतोडीला जातात आणि पोरं आजीपाशी राहतात. मी त्यांना इंग्रजी शिकवते. दर शनिवारी त्यांना उसाच्या फडावरच्या आईबापाला वहीत इंग्रजीत पत्र लिहायला लावते. ते पत्र पोस्टात पडत नाही. रविवारी फोनवर आधी इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं, अशी आमची रीत. इंग्रजीतलं अक्षर कळत नसलं तरी बाप फोनचा आवाज वाढवून सगळ्या टोळीला ऐकवतात.

दहावीतल्या एका मुलीचं इंग्रजी पार मोडकं होतं, पण तिच्या पत्रात तिचं घर दिसायचं. थंड चूल, कालची भाकरी, आजीचा खोकला. मला मात्र तेव्हा फक्त चुका दिसायच्या. चूक पोटात घालणं माझ्या स्वभावातच नाही. डोळ्यांत तेल घालून तपासायचे, पान लाल करायचे आणि समासात लिहायचे, दहा वेळा लिही.

मग बापाने तिला स्वतःचा फोन घेऊन दिला. फोनमधल्या एआयला मराठीत सांगितलं की ते इंग्रजीत पत्र लिहून देतं, हे तिला कुणीतरी दाखवलं. तिची पत्रं एकदम स्वच्छ झाली. मी ती वर्गात वाचून दाखवली, असं लिहावं म्हणाले. खरं सांगते, मला संशय आला होता. पण इतक्या वर्षांनी बिनचूक पान हातात आलं होतं, तो मोह आवरला नाही.

उन्हाळ्यात बीडला अकरावीच्या एका निवासी कॉलेजची निवड परीक्षा होती. निवड झाली तर फुकट शिक्षण, नाही तर हातात कोयता, असं तिच्या बापाने स्पष्ट सांगितलं होतं. मीच तिला घेऊन गेले. फोन बाहेर ठेवून घेतले. आपल्या घराविषयी इंग्रजीत लिहायचं होतं. तिने नाव, गाव लिहिलं आणि बाकीचा कागद कोरा दिला.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. मी चिडलेच होते. घराविषयी दोन ओळी सुचू नयेत का, असं तिला फाडकन विचारलं.

"सुचत हुतं मॅडम, लई सुचत हुतं," ती म्हणाली. "पर लिवलं की चुकंलच, असं वाटलं. हातच उचलंना."

मग जराही राग न धरता म्हणाली, "फोननं लिवलेलं तुमी कधी लाल केलं न्हाई."

माझा चहा तसाच राहिला.

यंदा दिवाळीनंतर ती टोळीबरोबर गेली. शनिवार येतो, मुलं पत्रं लिहितात, आणि लाल पेन उचलताना मला आता भीती वाटते.

तिची जुनी वही माझ्याकडे राहिली आहे. एका पानावर तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलंय, बकरी रोज दारात उभी राहते आणि आई कुठे आहे म्हणून मला विचारते. ते ऐकून तिची आई फोनवर रडली होती. मी त्या ओळीवर काट मारून समासात लिहिलं होतं, बकरी विचारत नसते.

खाली तिने ते दहा वेळा लिहिलंय.