न जुळलेले तीन आकडे

अद्वैत, रेवा, चाकणहून सोपानचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे अरुणआजोबा, ज्या वर्कशॉपमध्ये जायचे, तिथला सुपरवायझर सोपान. "ताई, सायबांच्या हातातनं मायक्रोमीटर पडला. उचलाय वाकले, तर उजवा हातच उचलंना. बोलत्यात, पर काय ते समजंना." मी विचारलं, तोंड एका बाजूला गेलंय का? मशीनच्या घरघरीतून तो म्हणाला, "व्हय."

पाणी पाजू नकोस, गोळी देऊ नकोस, ताबडतोब निघ, एवढंच मी सांगितलं. जिथे मेंदूचा स्कॅन होतो अशा पिंपरीतल्या हॉस्पिटलचं नाव दिलं आणि रिक्षाने स्वतः तिथे जाऊन फाटकाशी उभी राहिले. सोपान वाटेतून फोन करत होता. "चौकातच अडकलोय, कंटेनर आडवा हाय." मग, "आळंदी फाटा." मग बराच वेळ काही नाही. मग, "मोशी आली ताई, पर डोळे मिटाय लागलेत." गाडी पोहोचली तेव्हा पावणेदोन तास होऊन गेले होते. चौथ्या दिवशी अरुण गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये त्याच्या रक्तदाबाची वही होती, आणि मला तुम्हाला त्या वहीबद्दल सांगायचं आहे. माझ्या लेकीने, तुमच्या आईने, हे तुम्हाला सावकाश वाचून दाखवावं.

त्याची बायको गेल्यापासून अरुण रोज साडेसातला पिंपळे गुरवहून माझ्याकडे, संत तुकाराम नगरला, यायचा. चहा, नाश्ता, आणि मग गाडी काढून चाकणला. नोकरीची सगळी वर्षं त्याने एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात काढली. निवृत्तीनंतर तो या छोट्या वर्कशॉपमध्ये नव्या तपासनिसांना मापं घ्यायला शिकवायचा. त्याला रक्तदाबाची गोळी होती, मलाही होती, म्हणून सकाळी दोघांचं माप घ्यायचं ठरलं. ते शिस्तीत घ्यायचं हा आग्रह माझा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आधी पाच मिनिटं शांतता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून तो कुरकुरायचा. "ताई, तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये श्वास घ्यायलाही हात वर करावा लागायचा का गं?" तीनदा मोजायचं, जुळलं तरच लिहायचं, हा नियम मात्र त्याचा. वर्कशॉपमध्ये तो पहिल्याच दिवशी सांगायचा, एकच पार्ट तीनदा मोजला आणि तीन वेगळी मापं आली, तर पार्टला शिव्या देऊ नका. आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासा.

गेल्या दिवाळीनंतर त्याचे आकडे जुळेनासे झाले. वरचा आकडा एकदा एकशे बेचाळीस, मिनिटाभराने एकशे अठरा, मग एकशे एकतीस. नाडी एकदा चौऱ्याहत्तर, लगेच एकशे तीन. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं हृदयाचं चिन्ह लुकलुकायचं. अरुणने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "गेज गेला." यंत्र जुनं होतं, मलाही ते पटलं. चिंचवडच्या दुकानातून नवं आणलं. त्याचंही तसंच. परत घेऊन गेलो, तर दुकानदाराने स्वतःच्या दंडाला पट्टा लावून तीनदा मोजलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. "काका, मशीन एकदम ओके आहे." अरुण म्हणाला, "तुमच्या हातावर चालून मला काय उपयोग? माझ्या हातावर चालायला हवं."

मुलांनो, उत्तर त्या क्षणी काउंटरवर मांडलेलं होतं. माझ्या हातावरही यंत्र बरोबर चालत होतं. घरी आल्यावर मी तसं म्हणालेही. "तू पुतळ्यासारखी बसतेस," तो म्हणाला, "मी हलतो." मग मी माहितीपत्रक काढलं. ते इंग्रजीत होतं, आणि घरात इंग्रजी वाचायचं काम नेहमीच माझं. मी मोठ्याने वाचलं: नाडी अनियमित असेल तर हे चिन्ह दिसतं, बोलल्याने किंवा हलल्यानेही दिसू शकतं, वारंवार दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं. तिन्ही वाक्यं मी नीट वाचली. अरुणने मधलं उचललं... आणि मी ते त्याला उचलू दिलं.

का, तेही सांगते. त्या दिवशी पट्टा सोडताना तो म्हणाला होता, "डॉक्टरकडे गेलो की तो आधी गाडी बंद करणार. मग चाकण बंद. मग काय, पिंपळे गुरवला बसून भिंती मोजू?" मला त्याची भीती दिसली. माझी मी झाकून ठेवली. गाडी बंद झाली असती तर साडेसातची बेलही वाजली नसती. मग तिसरं यंत्र आणेपर्यंत हेच चालवायचं ठरलं. तीन आकडे जुळेपर्यंत आम्ही मोजत राहायचो, कधी सहा वेळा, कधी आठ. जुळलेले तीन मी वहीत लिहायची. बाकीचे कुठेच नोंदले गेले नाहीत. जिना चढताना तो मधेच थांबायला लागला होता. गुडघा, म्हणायचा. तेही लिहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "आजी, यांची नाडी अनियमित आहे हे आधी कधी लक्षात आलं होतं?" मी वही दिली. त्यांनी पानं चाळली. "किती व्यवस्थित ठेवलीय," त्या म्हणाल्या. सरळ रेघा, निळी शाई, एकाखाली एक शहाण्यासारखे आकडे. मी म्हणाले, "या वहीवर विश्वास ठेवू नका. जुळले तेवढेच लिहिलेत." मग मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी समजावलं की हृदयाचा ताल बिघडला की प्रत्येक ठोका वेगळ्या जोराचा पडतो, म्हणून रक्तदाबही दर वेळी वेगळा दिसतो. अशा हृदयात रक्त साकळतं, गाठ होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. "यंत्र बरोबर होतं, आजी." मी विचारलं, आधी आणलं असतं तर? "साकळू न देणारी गोळी सुरू केली असती. झटका नक्की टळला असता असं नाही सांगणार मी. धोका बराच कमी झाला असता."

दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी अरुणच्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली. इतक्या वर्षांत पट्टा शंभरदा गुंडाळला, बोटं कधी ठेवली नव्हती. दोन ठोके घाईने आले, मग काहीच नाही... मग एक जोराचा, मग तीन-चार एकमेकांना ढकलत. शाळकरी पोरीलाही कळलं असतं. तो माझ्या घड्याळाकडे बघत होता. मी म्हणाले, "अरुण, गेज ठीक आहे रे." त्याने डोळे मिटले. त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही.

आता माझं. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मी नेहमीसारखी बसले, पाच मिनिटं थांबले, मोजलं. एकशे छत्तीस, एकशे सतरा, एकशे एकोणपन्नास. कोपऱ्यात ते चिन्ह. माझं बोट चौथ्यांदा बटणावर गेलं. कारणंही लगेच हजर झाली: कुकरची शिट्टी झाली होती, मान वळली असेल, रात्री झोप नव्हती. मी बोट उचललं. तिन्ही आकडे एका ओळीत लिहिले, पुढे चिन्ह काढलं, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले. ईसीजीत अरुणचंच दुखणं निघालं. ते कधीकधी घराण्यात असतं म्हणे, म्हणून तुमच्या आईलाही नाडी तपासून घ्यायला सांगितलं आहे. रक्त साकळू न देणारी गोळी सुरू झाली आहे, जिना मी चढते, घाबरू नका.

यंत्र तेच आहे, चिंचवडहून आणलेलं. त्याच्या पाठीवर अरुणने वर्कशॉपमधली लाल चिठ्ठी चिकटवलेली आहे, बाद केलेल्या गेजवर लावतात तशी. त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, "वापरू नये," आणि खाली सही. मी ती काढलेली नाही. रोज साडेसातला ती वाचते आणि पट्टा दंडाला गुंडाळते.