जेवण झालं का विचारणारा

समोरच्या मोहाच्या झाडावर वीज पडली आणि माझा कॉम्प्युटर गेला. झाडाचं पानही हललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. अहेरीच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्या भाईंनी तो उघडून हुंगला आणि मोठ्या डॉक्टरासारखी मान हलवली.

"बाई, इसमें कुछ नहीं बचा. नवा लॅपटॉप घेऊन टाका. सब डाल के देता."

"न्यूजग्रुप वाचायचा प्रोग्राम टाकून द्याल?"

"वो क्या रहता?"

मी समजावून सांगितलं. न्यूजग्रुप म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांचा फार जुना प्रकार. एकेका विषयाचा एकेक ग्रुप. जगातला कोणीही त्यात निरोप टाकतो, कोणीही त्याला उत्तर देतो. निरोप एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असतात आणि ते वाचायला ज्याचा त्याने प्रोग्राम निवडायचा. ज्याचा जसा चष्मा, तसा त्याला ग्रुप दिसतो.

"मोबाइल में ग्रुप बना लो ना बाई," भाई म्हणाले. "घर के लोगों का."

घरचे लोक! सिरोंच्याला भाऊ आहे, त्याची सून-नातवंडं आहेत. सणाला मी जाते. माझं लग्न आधी जमलं नाही आणि नंतर जमवायचं राहून गेलं. एका सरकारी कार्यालयात टंकलेखन करत आधी एटापल्लीला, मग अहेरीला आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर इथेच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. हे काही मी भाईंना सांगत बसले नाही.

माझा ग्रुप होता दूरदूरची रेडिओ स्टेशनं ऐकणाऱ्यांचा. हे वेड बापाचं. बाप गोदावरीत जाळं टाकायचा तेव्हा डोंग्यात एका डब्यात रेडिओ ठेवायचा. मासा मिळो न मिळो, कुठलं तरी अनोळखी भाषेतलं स्टेशन लागलं की तो हात वर करून आम्हाला काठावर थांबवायचा. त्यातलं त्याला एक अक्षर कळत नसे. तरी म्हणायचा, "आयक, लांबचा मानूस बोलून राह्यला." एटापल्लीच्या खोलीत पहाटे मीही तेच करत बसायची. पुढे कार्यालयात कॉम्प्युटर आले, मग माझ्या घरी आला, आणि मला कळलं की असं करणारे देशभर लोक आहेत. मला केवढा आनंद झाला होता! आपल्यासारखी चक्रम माणसं आणखी आहेत, याहून मोठं सुख नाही.

पण ते चक्रम फार शिस्तीचे निघाले. कोणतं स्टेशन, किती वाजता, आवाज कसा, एवढंच लिहायचं. विषय सोडून बोलायचं नाही. आणि त्यात एकच माणूस होता जो कायम विषय सोडूनच बोलायचा. कोणी लिहिलं की पहाटे अमुक देशाचं स्टेशन स्वच्छ लागलं, की खाली याचं उत्तर: "छान. जेवण झालं का?" हिंदीवाल्यांना हिंदीत, मराठीवाल्यांना मराठीत. लोक चिडायचे. एका जुन्या सदस्याने सगळ्यांना सांगितलं, याला तुमच्या तुमच्या प्रोग्राममधून बंद करून टाका. प्रत्येक प्रोग्रामात तशी सोय असते. त्या माणसाचं नाव एकदा टाकलं की त्याचं काहीही तुम्हाला दिसत नाही. त्याला मात्र हे कळत नाही.

मीही टाकलं. वाईट वगैरे काही वाटलं नाही. आमच्याकडे हा प्रश्न रस्त्याने जाता-येता सगळेच विचारतात, आणि त्याचं उत्तर "झालं" असंच असतं, जेवण झालेलं असो वा नसो. एवढ्या देशभराच्या ग्रुपात येऊनही तेच ऐकायचं का, असं मला वाटलं. पुढे मी तो माणूस विसरूनही गेले.

मग ग्रुप ओसरत गेला. काही जण मोबाइलकडे गेले, काही थकले, काही गेलेच असतील. फालतू जाहिराती येऊ लागल्या, नंतर त्याही बंद झाल्या. जाहिरातवाल्यांनीही पाठ फिरवली म्हणजे काय समजायचं ते समजा. मी तरी लिहीत राहिले. आधी मी जागेच्या रकान्यात 'मध्य भारत' लिहायची. शेवटी शेवटी 'अहेरी' लिहू लागले, कारण कोणीतरी विचारेल, हे कुठी आलं? कोणी विचारलं नाही. माझ्या निरोपाखाली कोरी जागा. असं किती दिवस लिहिणार? हरले आणि लिहिणं सोडलं. त्यानंतर वर्षभराने ती वीज पडली.

आता मेलेल्या ग्रुपसाठी नवा प्रोग्राम कशाला, हे भाईंनी विचारलं नाही म्हणून बरं. मला माझेच जुने निरोप एकदा वाचायचे होते. दुसरं वाचायला होतं काय?

लॅपटॉप आला आणि मी प्रोग्राम निवडायला बसले. पहिला दिसायला गोजिरवाणा होता, पण त्याला सतत नेटवर्क लागे. अहेरीत वारा आला की लाइट जाते आणि लाइटच्या मागोमाग नेटवर्क. दुसरा एखाद्या कडक हेडमास्तरने लिहिला असावा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालणार नाही. त्यात म्हणे माणसांना गुण देता येत. नापास झाला की तो दिसेनासा. दोन्हींच्या सूचनांत पानंच्या पानं एकाच गोष्टीवर होती: नको ती माणसं कशी काढून टाकावीत. मला खरंच राग आला. अरे, माणसं आणून देणारा प्रोग्राम कोणी करत नाही का?

तिसरा साधा होता. नेटवर्क असेल तेव्हा सगळे निरोप उतरवून घ्यायचा आणि नंतर सावकाश वाचू द्यायचा. उत्तर आलेल्या निरोपापुढे अधिकचं चिन्ह, ते दाबलं की खाली उत्तर उघडतं. मी तो घेतला. सकाळी ग्रुप उतरायला लावला, भाजी चिरली, भात टाकला आणि येऊन बसले.

माझ्या निरोपांपुढे अधिकची चिन्हं होती. प्रत्येकापुढे.

आधी वाटलं, प्रोग्राम बिघडलाय. एक चिन्ह दाबलं. "छान. जेवण झालं का?" दुसरं दाबलं. "छान ऐकलंत. जेवण झालं का?" तेव्हा उमगलं. मी ज्याला बंद केलं होतं तो त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बंद होता, आणि तो कॉम्प्युटर जळून गेला होता. नव्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी भात करपला. मी एकेक चिन्ह उघडत गेले. जिथे मी पहिल्यांदा 'अहेरी' लिहिलं होतं तिथे त्याचं उत्तर लांब होतं. "अहेरी? बाई, तुम्ही तं आपल्याच निघाल्या! मी चंद्रपूरचा. घरी एकटाच असतो. संध्याकाळी रामाळा तलावावर फिराले जातो. कधी आल्या तं सांगा. जेवण झालं का?" जगभरात लांबचा माणूस शोधत बसले मी, आणि हा बसने गाठता येईल एवढ्या अंतरावर. डोळे दाखवायला मी चंद्रपूरला किती वेळा जाऊन आले होते! पुढच्या एका निरोपाखाली त्याने लिहिलं होतं, "तुम्ही मले बंद केलं असन. चालते. तुम्ही लिहिता ते वाचतो मी."

मी लिहिणं सोडलं तिथे त्याचीही उत्तरं थांबली होती. कशाला उत्तर देणार बिचारा? फक्त काही महिन्यांनी त्याने स्वतःहून एक निरोप टाकला होता, सगळ्या ग्रुपला उद्देशून. "अहेरीच्या बाई लिहीत नाहीत. कोणाले काही माहीत आहे का? बऱ्या आहेत ना?" त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह नव्हतं. तो ग्रुपातला शेवटचा निरोप होता.

मी त्याच्याखाली लिहिलं: "मी बरी आहे. तुमची उत्तरं आज दिसली." बरेच दिवस वाट पाहिली. काही आलं नाही. मग लिहिलं, येत्या बुधवारी मी रामाळ्यावर येते, मांडीवर रेडिओ असेल, त्यावरून ओळखा.

बुधवारी दुपारपासून मी तलावाच्या काठी रेडिओ घेऊन बसले. फिरायला येणारा प्रत्येक म्हातारा मला तोच वाटायचा. एक जण थबकला तेव्हा मी रेडिओ दिसेल असा उचलून धरला. तो चपलेतला खडा काढून पुढे गेला. उन्हं उतरली. शेजारी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईने टोपली आवरली.

"कोनाची वाट पाहून राह्यल्या बाई?"

"एका भाऊची."

"वळखीचे आहेत?"

काय सांगणार? चेहरा माहीत नाही, पत्ता माहीत नाही. "हो," मी म्हटलं. "लई वर्सांचे."

तिने आपला डबा सोडला, एकदा माझ्याकडे बघितलं. "जेवन झालं का?"

"नाई झालं," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. सगळा जन्म 'झालं' म्हणत आले होते. तिने सरकून जागा केली, भाकरीचे दोन तुकडे केले आणि वर वांग्याची भाजी घालून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

अहेरीला परत आल्यावर मी त्याच्या त्या शेवटच्या निरोपाखाली लिहिलं, तलावावर जेवले, वांग्याची भाजी होती, तुमचं जेवण झालं का? अजून माझ्या त्या निरोपापुढे अधिकचं चिन्ह आलेलं नाही. मी रोज सकाळी ग्रुप उतरवते, बघते आणि एक ओळ टाकते. त्यात रेडिओचं काही नसतं.