उन्हात वाळत घातलेल्या तबकड्या

"हलू नका, वहिनी."

गच्चीवर मे महिन्याचं ऊन होतं. जुन्या लुगड्यावर एका बाजूला माझ्या कुरडया, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या गाण्याच्या तबकड्या. साऱ्या पापडासारख्या वाकल्या होत्या. त्याने एक तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरून उचलली आणि डोळ्यांसमोर आडवी धरली. बाकीच्यांवर माझा पाय पडू नये म्हणून मला थांबवलं, एवढंच.

"हलू नका" हे त्याचं नेहमीचंच. बदनापुरात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. कचेरीत कारकून, एकटा. पगार झाला की जालन्याला जाऊन तबकड्या वाजवायच्या पेटीसाठी कुठली तरी वायर घेऊन यायचा. गाणं लावलं की पंखा बंद. कुणी मांडी बदलली तरी म्हणायचा, "हलू नका, गेलं ना!" काय गेलं, ते गल्लीत कुणाला कळायचं नाही. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल.

एका हिवाळ्यात माझ्याकडून गोधडी मागून नेली. मला वाटलं, पांघरायला. जाऊन पाहते तर भिंतीवर टांगलेली.

"आवाज भिंतीवर आपटून राह्यला, वहिनी."

स्वतः सतरंजी गुंडाळून कुडकुडत बसलेला. सगळी गल्ली हसली.

मी हसले नाही. आमचे मालक रोज संध्याकाळी त्याच गोधडीसमोर जाऊन बसायचे. माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, तिथून आला की सांगायचा, "गाणारीनं मधी श्वास घेतला ना, तो बी ऐकू आला आज." पंधरा वर्षं मी त्यांच्या शेजारी झोपत होते. माझा श्वास त्यांना कधी ऐकू आला नाही. त्या पेटीतल्या बाईवर मी जळायचे. तिला आणणाऱ्यावरही.

त्या मे महिन्यात तो राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेला आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. मागे वावटळ आली, खोलीभर धूळ झाली. मी खोली झाडली, तबकड्या साबणाच्या पाण्यातून काढल्या आणि गच्चीवर वाळत घातल्या. धूळ होती हे खरं. त्यांना ऊन सोसत नाही असं तो माझ्यासमोर कैक वेळा बोलला होता, हेही खरं.

दुपारी तो परतला. संध्याकाळी मालक त्याच्या दारात थबकले. मी तिथेच उभी होते.

"हे काय झालं रे?"

"मीच ठेवल्त्या उन्हात. ध्यान न्हाई राह्यलं."

"येडा का खुळा तू!"

मालक त्याला तासभर बोलत राहिले. तो खाली मान घालून ऐकत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मी तोंड उघडलं नाही. मग त्याने वाकलेली एक तबकडी लावली. सुई वरखाली होऊ लागली, बाईचा आवाज हेलकावे खाऊ लागला. तरी दोघं ऐकतच बसले. तेव्हाही मी जळले.

पुढे त्याची मंठ्याला बदली झाली. जाताना गोधडी धुऊन, घडी घालून माझ्या ओट्यावर ठेवून गेला. मालक शेवटपर्यंत म्हणायचे, "एवढा जपणारा माणूस, त्यानंच कशा काय उन्हात ठेवल्या?" मी भाकरी थापत राहायचे.

मालक गेले. दोन वर्षांनी मंठ्याहून तोही वारल्याचं कळलं. त्या तबकड्या कुणी उन्हात ठेवल्या हे माहीत असलेली मी एकटीच उरले.