मिरचीच्या ढिगावर बसलेली विहीण

अक्का गायला लागायच्या आधी पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट खोचायच्या आणि त्या पदराआडूनच म्हणायच्या, "बायास्वन, हासी ल्या." म्हणजे बायांनो, हसून घ्या. दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर नाक उघडं ठेवून कुणी गात नाही. नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत असते, बाया ओळीने बसून देठ खुडत असतात, आणि नवखा माणूस फाटकातून आत आला की आधी शिंकतो, मग नमस्कार करतो.

माझी आई त्या ओळीत अक्कांच्या शेजारी बसायची. वडील सुरतेला कापडाच्या मागावर कामाला होते. येत तेव्हा येत. आईच्या हातांची इतकी आग व्हायची की संध्याकाळी ती ताकात बोटं बुडवून बसे. माझ्या डोळ्यांत काजळ घालायला शेजारणीला हाक मारावी लागे. आईने मला स्वतःच्या हाताने कधी घास भरवला नाही, माझं तोंड पोळेल म्हणून. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच होतं. अक्कांना तर नवरा गेल्यावर एक मुलगी आणि ती पथारी, एवढंच उरलं होतं.

तरी हसू यायचं ते अक्कांच्याच ओळीतून. मुकादम ओरडायचा, "अक्का, तोंड कमी चालवा, हात चालवा."

"भाऊ, तोंड बंद व्हयनं का हात झोपतस," अक्का म्हणायच्या, आणि मुकादमाच्याच ढेरीवर एक ओळ रचून मोकळ्या व्हायच्या. तो ढेरी आत ओढून निघून जायचा.

त्यांच्या गाण्यांना एक खोड होती. ओळ संपली की एक ठेका रिकामा जायचा. त्या रिकाम्या जागेत सगळ्या जणी मान वळवून शिंकून घ्यायच्या आणि मग पुढची ओळ उचलायच्या. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळी गाणी अशीच असतात.

पुढे मी धुळ्याला बीएस्सी झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कुणी ओलांडलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगत राहणार. धुळ्यातच एका दुकानाच्या माडीवर मी छोटा स्टुडिओ टाकला. लग्नात डीजेवर वाजतात ती अहिराणी गाणी तुम्ही ऐकली असतील. तसली गाणी आम्ही रेकॉर्ड करतो. एका दुपारी अक्का जिना चढून वर आल्या. दम लागलेला, पण चेहरा फुललेला.

"मनीषानं जमनं व माय. फैजपूरले दिन्ही."

मनीषा त्यांची मुलगी, नर्स झालेली. याआधी तिची दोन स्थळं जवळजवळ ठरून फिरली होती. बाप नाही, आई पथारीवर मिरच्या खुडते, हे कारण तोंडावर कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. हे तिसरं स्थळ केळीच्या बागा असलेलं, आणि माणसं चांगली वाटत होती.

"हॉलमा लगीन शे, डीजे शे," अक्का म्हणाल्या. "पेन ड्राइव्हमा जे नही, ते लगीनमा नही. मन्हं गानं त्यामा घाल."

गाणं होतं विहिणीवरचं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाची आई पान पुढे घेऊन बसते आणि मुलीकडच्या बाया समोर उभ्या राहून तिचं नाक, तिची साडी, तिची चाल, सगळं गाण्यात काढतात. विहिणीने रागवायचं नसतं. रागावली की हरली. तिच्याकडची एखादी उठून उलटं सुनावते आणि मग दोन्ही बाजू जेवतात. अक्कांचं गाणं असं होतं:

फैजपूरनी इहीन ऊनी, नाक वर करी,
बसाडा तिले व मिरचीना ढिगावरी.

पथारीवरच्या चारपाच जणींना घेऊन अक्का स्टुडिओत आल्या. भिंतींना स्पंज, समोर माइक, थंडगार खोली. बाया नीट गायल्या, एक चूक नाही, आणि गाणं अगदी भजनासारखं झालं. कीबोर्डवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. रिकामा ठेका आला की बाया नुसत्या एकमेकींची तोंडं बघत उभ्या.

"आठे शिंक येत नही," एक जण ओशाळून म्हणाली.

पुढच्या खेपेला अक्कांनी पदराच्या गाठीतून मूठभर सुकी मिरची आणली आणि खोलीचं दार लावून ती दोन्ही हातांनी चुरली. मग काय विचारता. पहिल्या ओळीनंतर सगळ्या एकदम शिंकल्या, ठेका जागेवर बसला, आणि कीबोर्डवाला डोळे पुसत, नाक गळत, पण बोटं न थांबवता वाजवत राहिला. गाणं संपल्यावर तो जिन्यात जाऊन बसला. "ताई, हे गाणं चालणार," म्हणाला, "मी वाचलो तर."

चूक झाली ती यानंतर. मी ऐकायला म्हणून फोनवर दिलेलं गाणं त्या चारपाच जणींपैकी एकीने बहिणीला पाठवलं, बहिणीने नणंदेला, आणि लग्नाला अजून अवकाश असताना ते सगळ्या खानदेशात फिरलं. पोरं गाडीवर वाजवायला लागली. फैजपूरलाही पोचलं. आता विहिणीला जे म्हणायचं ते तिला समोर बसवून म्हणतात. तिच्या मागे म्हटलं की ती थट्टा राहत नाही, निंदा होते. मुलाच्या काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "आमच्या वहिनींना मिरचीच्या ढिगावर बसवता? लग्नाचं काय ते कळवतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी धावत दोंडाईच्याला गेले. अक्का ओळीत बसून देठ खुडत होत्या आणि पथारीवर कुणी गात नव्हतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"दोन मोडनात ते लोकेस्नी मोडात," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "हाई मी सोता मोडं."

मनीषा सुट्टी काढून आली होती. ती म्हणाली, "आई, ज्यांना हसता येत नाही त्यांच्या घरी मी काय करू? बरं झालं आधी कळलं." पण मुलगा तिला आवडला होता, हे अक्कांना आणि मला ठाऊक होतं.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका सकाळी पथारीच्या फाटकाशी जीप थांबली आणि एक उंच, चांगल्या काठाची साडी नेसलेली बाई एकटीच आत आली. आली ती तोंडाला पदर न लावता, खोकत, पण चाल जराही कमी न करता.

"अक्का कोन हाये इथं?"

साऱ्या ओळीने माना वळवल्या. अक्का उठून उभ्या राहिल्या. हात जोडले. "चुकनं मन्हं, इहीनबाई."

"चुकलंच," विहीण म्हणाली. "गानं माह्यावर, अन् साऱ्या गावानं आयकल्यावर मले आयकू आलं. ही कोनती रीत? देराले मी सांगितलं, तू मधी बोलू नको, हे आम्हा बायांचं काम हाये. विहिनीले समोर बसवून म्हनतात ना? मंग घ्या." आणि तिने साडी सावरली, शेजारच्या मिरचीच्या ढिगावर ऐसपैस बसली. "बसली. म्हना आता."

अक्कांचे हात जोडलेलेच होते. माझ्या आईने पहिली ओळ उचलली, मग एकेक करून सगळ्यांनी, आणि मग अक्कांनी. रिकाम्या ठेक्याला विहीण अशी शिंकली की पलीकडच्या पथारीवरची माणसं वळून बघायला लागली. ती शिंकत राहिली, हसत राहिली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि गाणं संपल्यावर नाक पुसत म्हणाली, "झालं तुमचं? आता माहं आयका."

मिरचीवाली विहीन आली, डोये तिचे लाल,
केयीच्या पानावर घसरली, पाहा तिची चाल.

अक्का खाली बसल्या त्या हसून हसूनच. मुकादमसुद्धा हसला. हसू ओसरल्यावर विहीण माझ्याकडे वळली. "तूच का ती रेकॉर्डवाली? हे बी त्यातच घाल. माह्या तोंडाले काय कुलूप हाये?"

तर तुम्ही लग्नांत जे गाणं ऐकता, एकीकडून अहिराणी आणि दुसरीकडून फैजपूरची बोली, मध्ये शिंका, आणि शिंक आली की सगळं वऱ्हाड मान झटकतं, ते असं झालं. विहिणीच्या रेकॉर्डिंगला कीबोर्डवाला हेल्मेट घालून बसला होता. लग्नात डीजेवाल्याने ते इतक्यांदा वाजवलं की शेवटी भटजी म्हणाले, अहो, मंगलाष्टकं राहिली आहेत.

अक्का आता पथारीवर नाहीत. धुळीने छाती भरायला लागली तेव्हा विहीणच जीप घेऊन आली. मुलीच्या सासरी आईने राहायचं नसतं, असं अक्का म्हणून बघत होत्या. "तू पोरीच्या सासरी नाही, माह्या घरी राह्यतेस," विहीण म्हणाली आणि ट्रंक उचलली. दोघी केळीच्या बागेत एका खाटेवर बसून दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढतात, असं मनीषा सांगते. दुपारी जेवायला हाक मारली की दोघी एकदमच म्हणतात, हिचं संपू दे आधी.

मोबाइलवर गाणं लावलं की खाली ते रचणाऱ्या म्हणून दोघींची पूर्ण नावं दिसतात. मनीषा फैजपूरजवळच्या दवाखान्यात नोकरी करते आणि घरात सुखी आहे. अक्कांनी हे गाणं मुलीच्या लग्नात वाजावं म्हणून केलं होतं. ते वाजलं, आणि लग्न झालं.